चार नंबरची वाटी

पाच म्हशी पिळून झाल्या होत्या आणि सहावीच्या खाली ती नुकती बसली होती, तेवढ्यात पाय ओले झाले. तिला वाटलं, बादली कलंडली. बादली तर दोन गुडघ्यांमध्ये जागच्या जागी होती. मग वाटलं, म्हशीनं धार सोडली. म्हैस निवांत रवंथ करत होती. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की हे आपलंच काहीतरी आहे, आणि सातवा महिना तर अजून सरायचाय.

सहावी म्हैस म्हणजे शिंगमोडी. डावं शिंग अर्ध्यातून मोडलेलं, स्वभाव त्याहून मोडका. सुनेच्या हाताशिवाय ती कुणाला पान्हा देत नसे. सासूला तिनं एकदा आडवं केलं होतं, नवऱ्याला दोनदा. त्यामुळं सुनेनं ओठ दाबून शिंगमोडी आधी पिळून घेतली, बादली ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाणी गेलं."

"हौदाचं?" सासूनं वर न बघता विचारलं. उन्हाळ्याचे दिवस होते, हौदाचं पाणी रोजच जात होतं.

"माझं."

घरात मोटरसायकल होती, पण तीवर बसवायची सोय नव्हती. दारात त्याच वेळी दूधगाडी आली होती. दूधगाडीवाल्यानं कॅन एका बाजूला सारले, पोतं अंथरलं आणि तिला मागं बसवलं. नवरा एका हातानं तिला आणि एका हातानं कॅन धरून बसला. वाटेत खड्डा आला की दूधगाडीवाला पुढून ओरडायचा, "धरा." कुणाला धरा हे तो सांगत नव्हता. दीड तासानं ते तालुक्याच्या दवाखान्यात पोचले आणि अर्ध्या तासात तिला मुलगी झाली. वजन अकराशे पन्नास ग्रॅम. ती रडली नाही, मांजरीच्या पिलासारखं एकदाच काहीतरी म्हणाली आणि तिला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनं तिला हात धुवायला लावून, मास्क बांधून आत नेलं. थंडगार खोली, सगळीकडं टुकटुक आवाज, काचेच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. चार नंबरच्या पेटीपाशी सिस्टर थांबली. आत एक लाल, पातळ कातडीचं काहीतरी होतं. तोंडात नळी, पायाला बारीक दिव्याची पट्टी, आणि तो पाय तिच्या अंगठ्याएवढा. छातीचा पिंजरा आत-बाहेर होत होता, एवढ्या जोरात की आता मोडेल.

तिनं एकदा बघितलं. नंतर ती रोज आत जात होती, पण बघत होती ती पेटीवर चिकटवलेल्या कागदाकडं. त्यावर चार हा आकडा होता. त्या आकड्याची एक शेपटी जरा वाकडी आली होती, हे तिला पाठ झालं.

पेट्यांच्या खोलीला लागूनच आयांची खोली होती. आठ खाटा, त्यातल्या तीन भरलेल्या. खिडकीखाली सहा नंबरची आई. ती कपडे शिवायची, म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणत. तिचं हे तिसरं. बोलणं तिला थांबवता येत नव्हतं आणि उजवा पायही. बसली की तो पाय जमिनीवर आपोआप खालीवर व्हायचा, शिलाईमशीनचं पायडल दाबावं तसा. झोपेतही तो चालूच असायचा. भिंतीकडची दोन नंबरची आई शाळेत शिकवायची. चाळीशीला आलेली, चष्मा, केस घट्ट बांधलेले. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर हे पहिलं, आणि तेही नऊशे ऐंशी ग्रॅमचं. तिला कुणी 'बाई'शिवाय दुसरं काही म्हणायला धजत नव्हतं, सिस्टरसुद्धा नाही. बाईंकडं एक वही होती. तीत त्या रोज मुलाचं वजन, ताप, किती दूध गेलं, किती वेळा शू, सगळं लिहीत. वही मिटली की पेन कानावर. रडताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या सूचनेत 'स्वच्छता' चुकीची लिहिली होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी दुरुस्त केली होती.

"आणि तू काय करतेस गं?" शिंपिणीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"म्हशी आहेत सहा. मीच पिळते."

"मग तुझं काही अडायचं नाही," शिंपीण म्हणाली. "हातच तयार आहे."

झालं ते नेमकं उलट. दर तीन तासांनी मोठी सिस्टर दारात उभी राहून म्हणायची, "चला, वाट्या घ्या." तिघींना नंबर लावलेल्या स्टीलच्या वाट्या मिळायच्या. भिंतीकडं तोंड करून बसायचं, हातानं दूध काढायचं आणि खिडकीतून आत द्यायचं. मग सिस्टर ते नळीतून बाळांना पाजायची. शिंपिणीची वाटी बोलता बोलता भरायची. बाईंची तळापुरती भरायची, पण भरायची. म्हशीवालीची कोरडी. सकाळ-संध्याकाळ पन्नास लिटर काढणारे तिचे हात, कोपरापर्यंत ताकदीचे, आणि वाटीत चार थेंब. सिस्टर म्हणायची, "तू जोर लावतेस. इथं जोर नाही लावायचा." ती मनात म्हणायची, जोर नाही लावायचा हे मला कोण शिकवतंय.

तिसऱ्या दिवशी शिंपिणीला राहवलं नाही. सिस्टरची पाठ वळलेली बघून तिनं आपल्या वाटीतलं थोडं म्हशीवालीच्या वाटीत ओतलं. सिस्टरच्या पाठीलाही डोळे होते.

"सहा नंबर, काय चाललंय?"

"तिचं सांडत होतं, मी सावरलं."

"सांडायला तिच्याकडं असावं लागतं," सिस्टर म्हणाली आणि ती वाटी मोरीत रिकामी केली. "कुणाच्या वाटीत कुणी काही ओतायचं नाही. हा दवाखाना आहे, लग्नाची पंगत नाही. तिच्या बाळाचं मी बघतेय. ते उपाशी नाहीये."

बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण म्हशीवालीनं त्या दिवशी जेवण तसंच परत पाठवलं. सांडायला असावं लागतं, हे तिच्या कानात दिवसभर वाजत राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी घरून फोन आला. सासू होती.

"शिंगमोडी दूध देईना. दोन दिवस झाले. कास दगडासारखी झालीय. जवळ गेलं की पाय उचलते. तू बोल तिच्याशी."

"कुणाशी?"

"म्हशीशी. मी फोन तिच्या कानाला लावते. तुझा आवाज ऐकला की सोडेल."

"आत्याबाई, मी दवाखान्यात आहे. इथं माणसं आहेत."

"तिथं माणसं आहेत, इथं कास सुजलीय. बोल."

पलीकडून म्हशीच्या श्वासाचा आवाज आला. तिनं एकदा शिंपिणीकडं बघितलं, एकदा बाईंकडं. बाईंनी वहीत डोकं घातलं. ती भिंतीकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "ये गं बाय. ये गं माझी राणी. सोड. कुणी नाही, मीच आहे. सोड गं सोन्या. हं... हं... हं..." हे हं ती नाकातून लांबवत काढायची, धारेच्या तालावर. पाच मिनिटं तिनं ते चालवलं. पलीकडं आधी सासू ओरडल्याचा आवाज आला, मग बादली घरंगळल्याचा, मग फोन बंद झाला.

मग शिंपीण म्हणाली, "तुझ्या म्हशीचं काय झालं ते माहीत नाही. मला वाटी दे कुणीतरी, लवकर."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्यांचे खांदे हलत होते. शिंपिणीनं बघितलं, बाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी स्वतःच्या ब्लाऊजकडं बघितलं आणि त्याही उठून वाटी शोधायला लागल्या. म्हशीवालीही हसली. हसत हसतच तिनं आपली वाटी घेतली, भिंतीकडं तोंड करून बसली, आणि दोघींच्या वाट्या भरून झाल्या तरी हिच्या वाटीचं बूड दिसत होतं. तेव्हा शिंपिणीचं हसू थांबलं. तिनं हिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचा पाय मात्र खाली टकटक करत राहिला.

त्यानंतर घरून शिंगमोडीबद्दल काही आलं नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणायचा, "जमतंय कसंतरी." एवढंच. दवाखान्यात यायचं म्हटलं तर म्हशी सोडून कसा येऊ, हे त्याचं ठरलेलं. जन्माच्या दिवशी त्यानं काचेतून मुलगी बघितली होती, तेवढीच. "जमतंय कसंतरी" म्हणजे नक्की काय, या विचारानं म्हशीवालीचं डोकं उठलं. कास सुजली असेल, फुटली असेल, म्हैस विकली असेल, मेली असेल. मुलीच्या विचारापेक्षा हा विचार बरा होता. तो ती दिवसभर करू शकत होती.

नवव्या दिवशी सकाळी वजनं झाल्यावर मोठी सिस्टर खोलीत आली.

"चार नंबर, तुझी आता बरी आहे. श्वासाची नळी काढलीय. आज दहा वाजता तुला छातीशी धरायचंय. पुढून उघडणारा गाऊन घाल, अंघोळ कर, नखं काप."

"मी?"

"मग काय मी? आईच्या छातीच्या उबेनं वजन वाढतं. दूधही येतं. घाबरायचं काही नाही, मी उभी असते."

सिस्टर गेली. म्हशीवालीनं आपले हात समोर धरले. या हातांनी ती अडलेली पारडी ओढून बाहेर काढायची. या हातात ते अंगठ्याएवढं पाऊल. काही मोडलं तर. आणि धरल्यावर बघावं लागेल, आणि बघितल्यावर ते आपलं होईल, आणि मग ते गेलं तर. हे सगळं तिला शब्दांत सांगता आलं नसतं. ती शिंपिणीला एवढंच म्हणाली, "मी जरा म्हशीचं बघून येते."

"कुठल्या म्हशीचं?"

पण ती दारातून बाहेर पडली होती. दवाखान्याच्या फाटकासमोरच बस उभी होती, ती तीत चढली. बस सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, पायात दवाखान्याच्या बाथरूमच्या चपला आहेत, दोन्ही डाव्या.

घरी पोचली तेव्हा सासू अंगणात भांडी घासत होती. सुनेला बघून तिच्या हातातून पातेलं सुटलं.

"काय झालं? मुलगी?"

"बरी आहे. शिंगमोडी कुठाय?"

सासूनं गोठ्याकडं बोट केलं आणि मग एकदम म्हणाली, "थांब, आधी चहा घे." पण तोवर ती गोठ्यात शिरली होती.

शिंगमोडीच्या खाली कुणीतरी बसलं होतं. अंगात निळ्या फुलांचा गाऊन. तो हिचाच गाऊन होता, घरात घालायचा, बाह्या विरलेला. डोक्याला हिचाच टॉवेल गुंडाळलेला. गाऊनखाली पाय केसाळ आणि टाचा फुटलेल्या. धार बादलीत चर्र चर्र पडत होती आणि नाकातून आवाज चालू होता, हं... हं... हं. शिंगमोडी डोळे अर्धे मिटून उभी होती. तिच्या कासेला काहीही झालं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली.

नवरा दचकला, पण हात थांबवले नाहीत. धार मध्येच तोडायची नसते, एवढं तो शिकला होता. मान न वळवता म्हणाला, "तू कशी आलीस?"

"हे काय?"

"तुझ्या वासानं देते. तुझा गाऊन घातला की देते, तेही उन्हं चढल्यावर. आईनं सुचवलं." जरा थांबून म्हणाला, "आधी नुसता अंगावर टाकून बघितला. तिला कळलं. मग घातला."

"कुणी बघितलं?"

"दूधगाडीवाल्यानं. रोज विचारतो, आज वहिनींनी किती दिलं."

तिला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत दुसरंच काहीतरी झालं. आठ दिवस आपल्याशिवाय अडलंय असं ती धरून चालली होती, आणि इथं काही अडलंच नव्हतं. ती पुढं झाली आणि शिंगमोडीच्या पाठीवर हात ठेवला. "ये गं बाय," म्हणाली. शिंगमोडीनं मान वळवली, तिचा हात हुंगला, फुर्रकन नाकातून वारा सोडला आणि बाजूला सरकली. मग शेपूट मारली, ती बरोबर हिच्या तोंडावर.

"औषधाचा वास येतोय तुला," नवरा म्हणाला. "दवाखान्याचा."

ती तिथंच चाऱ्याच्या पेंढीवर बसली. दोन डाव्या चपला समोर करून. शेपटीचं शेण गालाला लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही. नवऱ्यानं धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली आणि गाऊन गुडघ्यांवर सारखा करत तिच्या शेजारी बसला.

"मला आज तिला धरायला सांगितलंय," ती म्हणाली. "छातीशी. दहा वाजता."

"आता अकरा वाजलेत."

"माहीत आहे." मग ती बोलली, सगळं एका दमात. "मी तिच्याकडं बघतच नाही. नऊ दिवस झाले. पेटीवरचा आकडा बघते आणि परत येते. सगळ्यांना वाटतं मी तिला बघून येते. दूध येत नाही मला. ते बाहेरून नाही आलं, माझ्याच पोटातून पडलंय, आणि मला त्याचं तोंड आठवत नाही. कशी आई मी."

नवऱ्यानं टॉवेल डोक्यावरून काढला, त्याची घडी घातली, परत उलगडली.

"आईला येत होत्या धारा," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"शिंगमोडीच्या. तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी गाऊन आईनं घातला होता. चांगलं दूध दिलं हिनं. आई म्हणाली, मी बघते म्हशी, तू दवाखान्यात जा. मी म्हटलं, नको, तुझं वय झालं, मी घालतो." त्यानं गाऊनच्या फुलांवरून हात फिरवला. "मी तिला बघितलं ना काचेतून, तेव्हा मला बाहेर येऊन उलटी झाली. तुला सांगितलं नाही. गाऊन घालायला लाज वाटत होती, पण तिकडं यायची त्याहून भीती."

ती त्याच्याकडं बघत राहिली. निळ्या फुलांच्या गाऊनमध्ये, दाढी वाढलेला, गळ्याच्या लेसमधून छातीचे केस बाहेर आलेले. दोघं नऊ दिवस एकाच म्हशीच्या आड लपून बसले होते.

"उठा," ती म्हणाली. "कपडे बदला."

दाराशी सासू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत येऊन तिनं मुलाच्या हातातून टॉवेल घेतला आणि म्हणाली, "गाऊन इथं ठेवून जा. संध्याकाळची धार आहे."

परतीची बस दोन तासांनी होती, म्हणून दूधगाडीनंच निघाले. दूधगाडीवाल्यानं नवऱ्याला शर्ट-पँटमध्ये बघितलं आणि म्हणाला, "आज साधेच निघालात." मग त्यानं हिचा चेहरा पाहिला आणि वाटभर खड्डा आला तरी तोंड उघडलं नाही.

इकडं दवाखान्यात दहा वाजता मोठी सिस्टर आली होती. "चार नंबर कुठाय?"

"बाथरूमला," शिंपिणीनं सांगितलं.

साडेदहाला सिस्टर परत आली. "अजून?"

"पोट बिघडलंय तिचं."

अकराला सिस्टर म्हणाली, "एवढं बिघडलं? मी डॉक्टरांना सांगते." शिंपीण गडबडली. तिनं आशेनं बाईंकडं बघितलं. बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पेन कानावरून काढलं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन वेळा झालं. मी नोंद केली आहे."

बाईंनी नोंद केली म्हटल्यावर ते खरंच झालं. त्यामुळं साडेबाराच्या सुमाराला म्हशीवाली नवऱ्यासह खोलीच्या दारात उभी राहिली, तेव्हा खाटेपाशी एक तरुण डॉक्टर, सलाइनची बाटली आणि तपासणीसाठी एक छोटी डबी तयार होती. सिस्टरनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. दोन डाव्या चपला, त्यांना लागलेलं शेण, गालावरचं वाळलेलं शेण.

"तुमची बाथरूम कुठल्या गावाला आहे?" सिस्टरनं विचारलं.

तरुण डॉक्टरनं डबी खिशात घातली आणि तो निघून गेला.

"मी पळाले होते," म्हशीवाली म्हणाली. "आता धरते. आणि हे पण धरतील."

सिस्टर काहीतरी खरमरीत बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही. मग म्हणाली, "आधी अंघोळ. दोघांनीही. घासून."

अंघोळी झाल्या. नखं कापली गेली. हात कोपरापर्यंत तीनदा धुवून झाले आणि ती खुर्चीत टेकून बसली. सिस्टरनं पेटीच्या बाजूची खिडकी उघडली, नळ्या सांभाळत दोन्ही हातांनी ते उचललं आणि तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून कापड बांधलं. अंगावर चिमणी बसावी तेवढंच वजन. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"बघ की," सिस्टर म्हणाली. "चावत नाही ती."

तिनं एक डोळा उघडला. मुलीचा गाल तिच्या छातीवर चेपला होता, त्यामुळं तोंडाचा चंबू झाला होता. कपाळावर आठ्या होत्या, कुणाचातरी राग आल्यासारख्या. भुवई नव्हतीच, भुवईच्या जागी सोनेरी लव होती. एक हात सुटा होऊन बाहेर आला, चाचपडला आणि आईच्या मानेखालची कातडी चिमटीत धरली. चांगली जोरात.

"ताकद आहे हातात," ती म्हणाली.

"तुझ्यावर गेलीय," नवरा म्हणाला. तो दारापाशी भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. पण उभा होता.

त्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन. नवऱ्याची पाळी आली तेव्हा मुलीनं त्याच्या छातीवरचे केस मुठीत धरले आणि तासभर सोडले नाहीत. तो हलला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते केस ओढल्यामुळं, असं त्यानं सगळ्यांना नंतर सांगितलं. दूध मात्र अजून थेंबांवरच होतं. सिस्टर म्हणायची, येईल. शिंपीण म्हणायची, येईल. म्हशीवाली आता त्यावर काही बोलत नव्हती. ती मुलीला बघण्यात गुंतली होती. दिवसातून चार वेळा बाईंना येऊन सांगायची, जांभई दिली, शिंकली, माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. बाई म्हणायच्या, "लिहून ठेवू का?" आणि ठेवायच्या.

बाराव्या दिवशी दुपारी तिघी आयांच्या खोलीत होत्या. नवरा बाहेर बाकावर. आतल्या टुकटुक आवाजात एक वेगळा आवाज सुरू झाला, लांब, एकसुरी. कुठल्या पेटीचा कुठला आवाज, हे आतापर्यंत तिघींना पाठ झालं होतं. बाई उभ्या राहिल्या. वही मांडीवरून खाली पडली.

"दोन नंबर," शिंपीण म्हणाली. तिचा पाय थांबला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथंच अडकल्या. एक हात चौकटीला. पुढं पाऊल टाकायला गेल्या, पण पाय उचललाच नाही. "मला जमत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. मला येऊन सांगा. काय असेल ते मला इथं येऊन सांगा."

म्हशीवालीनं त्यांचा हात चौकटीवरून काढला. ताकदीचा हात तिचा, बाईंच्या बोटांना तो सोडवता येणार नव्हता. "चला," ती म्हणाली. "मी पळून बघितलंय. तिकडं काही नाही."

तिघी आत गेल्या. एका वेळी एकीलाच आत यायची परवानगी होती. मोठी सिस्टर दोन नंबरच्या पेटीवर वाकली होती, एका बोटानं बाळाच्या तळव्यावर टिचक्या मारत होती. बाळ निळसर पडलं होतं. छाती हलत नव्हती. सिस्टरनं पाठ चोळली, परत टिचकी मारली.

"विसरतो हा," सिस्टर म्हणाली. कपाळावर घाम होता तिच्या. "श्वास घ्यायचा विसरतो. अरे बाळा."

बाई पेटीपाशी आल्या. त्यांनी चष्मा नीट केला. आणि मग त्यांचा तो आवाज निघाला, वीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला.

"लक्ष कुठं आहे तुझं? श्वास घे."

पेट्यांच्या खोलीत एवढ्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं. शिंपीण ताठ उभी राहिली. कोपऱ्यातल्या शिकाऊ सिस्टरनं खिशातले हात बाहेर काढले. मोठी सिस्टरसुद्धा क्षणभर सरळ झाली, आणि त्याच वेळी तिच्या बोटाखालचा पाय आखडला. छाती एकदा उचलली गेली. मग दुसऱ्यांदा. मग तो नऊशे ऐंशी ग्रॅमचा, आता हजाराला पोचलेला मुलगा तोंड फाडून रडायला लागला. बारीक, चिडका, न थांबणारा आवाज.

"आता रडतोय," बाई म्हणाल्या. "अभ्यास नको म्हणून रडतोय." आणि त्या तिथंच खाली बसल्या, फरशीवर, आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या. शिंपीण त्यांच्या शेजारी बसली आणि तीही लागली. बारा दिवसांचं बोलणं तिच्या तोंडातून एकदम थांबलं होतं आणि त्या जागी हे सुरू झालं होतं.

म्हशीवाली उभीच होती. बाळ रडत होतं. तिच्या छातीत काहीतरी चमकलं, सुया टोचाव्यात तसं, आणि मग गरम वाटलं. तिला वाटलं, घाम. तिनं खाली बघितलं. गाऊनवर दोन गोल ओले डाग पडले होते आणि ते पसरत चालले होते. बाळाचा सूर वर चढला तसे ते आणखी पसरले.

"सिस्टर," ती म्हणाली.

"आता तुझं काय?" सिस्टर वळली. तिनं बघितलं. बाळाच्या पाठीवरचा हात न काढता ती शिकाऊ सिस्टरला म्हणाली, "चार नंबरची वाटी आण. पळ."

भिंत नव्हती, पडदा नव्हता. तिथंच तीन नंबरच्या रिकाम्या पेटीला टेकून तिनं वाटी धरली. जोर लावावा लागला नाही. वाटी अर्धी झाली, पाऊण झाली. बाई फरशीवरून डोळे पुसत बघत होत्या. मुलगा शांत व्हायला लागला तेव्हा शिंपीण हुंदका आवरत म्हणाली, "बाई, त्याला अजून थोडं ओरडा. भरत आलीय."

"नको, बिचारा दमलाय," बाई म्हणाल्या.

सिस्टरनं दूध नळीत घेतलं आणि चार नंबरच्या पेटीपाशी उंच धरलं. ते हळूहळू खाली उतरत गेलं. म्हशीवाली काचेला कपाळ लावून उभी होती. नवरा दारातून आत आला होता, त्याला कुणी बाहेर काढलं नाही. नळीतलं शेवटचं थेंबभर उतरलं तेव्हा मुलगी झोपेतच ओठ हलवायला लागली, चघळल्यासारखे. मग तिला उचकी लागली. साऱ्या अंगाला हिसका बसेल एवढी मोठी.

"घाईनं खाल्लं," नवरा म्हणाला.

"उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय," शिंपीण खालून म्हणाली.

"कोण काढणार?" म्हशीवाली काचेवरून नजर न हलवता म्हणाली. "सगळे तर इथंच आहेत."